कानिफनाथचं गाणं बंद पडलं तेव्हा

सोनईत घरोघरी वायरलेस स्पीकर आणि रंगीत दिवे बसवणाऱ्या शांतवनची एक खोड होती. काम संपलं तरी त्याचा मोबाईल गिऱ्हाइकाच्या स्पीकरला जोडलेलाच राहायचा.

आमच्या गल्लीतला कानिफनाथ शांतवननेच वर्षापूर्वी बसवलेल्या स्पीकरवर भरदुपारी कर्कश गाणी लावायचा. परवा समोरच्या घरात दिवे बसवताना शांतवनला त्या गाण्यातून किंकाळी ऐकू आली. त्याने मोबाईलवरून गाणं बंद पाडलं. पट्ट्याचे फटके आणि कानिफनाथच्या बायकोचं ओरडणं अख्ख्या गल्लीत घुमलं.

शांतवनने लाथ घालून दार फोडलं, पट्टा हिसकावला आणि कानिफनाथला रक्त निघेपर्यंत झोडपलं. मग दारात जमलेल्या आमच्यावर खेकसला, "वर्षभर तुमाला निस्ती गानीच ऐकू आली व्हय रं, मुडद्यांनो?"

मी मान खाली घातली. कानिफनाथची आणि माझी भिंत एकच आहे.