नागपूरचे हिवाळी टायर

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी माझं डोकं आणि माझ्या मोटारीचे चारही टायर एकदमच गोटा झाले. डोक्याचं कोणाला काही वाटलं नाही. (आईनेसुद्धा "चला, तेल तरी कमी लागेल" एवढंच म्हटलं.) टायरांचं मात्र काहीतरी करणं भाग होतं. येत्या सोमवारी दुपारी बाराच्या आत माझ्या बायकोला, कुसुमला, नागपूरजवळच्या खाप्याच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू व्हायचं होतं. नेमणुकीच्या पत्रात साफ लिहिलं होतं की वेळेत हजर न झाल्यास नेमणूक रद्द आणि यादीतली पुढची बाई आत!

आणि ही नेमणूक काही रस्त्यात सापडलेली नव्हती. दोन पोरं झाल्यावर, स्टोव्हपाशी पुस्तक उघडं ठेवून कुसुमने ती परीक्षा पास केली होती. चार वर्षं अर्ज पाठवले होते.

"मी आपली एसटीनं जातो," ती म्हणाली.

"दारात मोटार असताना? बाईंनी पहिल्याच दिवशी लोंबकळत जायचं?"

"मंग चार बारमाही टायर घ्या अन् मोकळे व्हा!"

सरळ माणसाने तेच केलं असतं. पण मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एक विलायती मासिक वाचलं होतं. त्यात म्हटलं होतं की शहाणी माणसं हिवाळ्याचे टायर वेगळे ठेवतात. (ते बर्फासाठी असतात, हे पुढच्या पानावर होतं. पुढच्या पानावर कोणीतरी भजी ठेवली होती.) "अवं, थंडीत डांबर आखडतं, रबर आखडतं," मी तिला समजावलं. "आपण हिवाळ्याला हिवाळी टायर लावायचे. हे जुने गोटे उन्हाळ्याला. उन्हाळ्यात रस्ता कोरडा, नक्षी लागते कशाला?"

"अन् ते उन्हाळ्यापावतर ठेवसान कुठी? माह्या डोक्यावर?"

प्रश्न रास्त होता. आमच्या भाड्याच्या दोन खोल्या. त्यात आम्ही दोघं, दोन पोरं, आई आणि कूलर. नागपुरात कूलर हा कुटुंबातलाच माणूस. उन्हाळ्यात तो खिडकीत राबतो आणि हिवाळ्यात कोपऱ्यात बसतो. त्याच्या रिकाम्या पोटात आम्ही घरातलं सगळं मौल्यवान सामान ठेवत असू. पण शास्त्रापुढे मी जागेची पर्वा केली नाही आणि सरळ बब्बूभाईच्या टायरच्या दुकानात गेलो.

"हिवाळी टायर आहेत?"

बब्बूभाईंनी मला टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं. मग त्यांचा चेहरा उजळला.

"हिवाळी? अरे साब, हिवाळी तो पूरे महाराष्ट्र में सिर्फ नागपूर में मिलते! अभी पिछले महिने तो अधिवेशन खतम हुआ!"

आमच्या गावात हिवाळी या शब्दाचा दुसरा अर्थच नाही. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं आणि पांढऱ्या गाड्यांनी गाव भरून जातं. त्या गाड्यांचे हे टायर, असं बब्बूभाईंचं म्हणणं. "एक पंधरवाडा चले, बस! उसमें भी आधे टाइम खडे थे." मी टायर पाहिले. नक्षी अशी खोल की बोट बुडावं. आणि सरकारी माल! मी तिथल्या तिथे चारही बसवून घेतले आणि उतरवलेले जुने चार गाडीत घालून विजयी मुद्रेने घरी आलो.

मग जागेचा शोध सुरू झाला. एक दिवाणाखाली गेला. दोन कूलरच्या पोटात बसवले, पण त्यासाठी आतलं सामान काढावं लागलं. चौथ्यावर कुसुमने पाण्याचा रांजण ठेवून पाहिला, तर रांजण घरभर फिरायला निघाला. शेवटी चौथा परत गाडीच्या डिकीत गेला. एवढ्या पसाऱ्यातही वस्तू हरवू नये म्हणून मी फार काळजी घेतली. (ही काळजी लक्षात ठेवा.)

सोमवारी आठला निघालो. कडाक्याची थंडी होती आणि माझे हिवाळी टायर खुशीत होते. कोराडीच्या पुढे फट्‌ झालं. मी हसत उतरलो. "होतं असं," म्हणत स्टेपनी लावली. त्यात तासभर गेला, कारण जॅक दिवाणाखालच्या टायरामागे राहिला होता आणि एका बैलगाडीवाल्याचा दांडा मागून गाडी उचलावी लागली. पाटणसावंगी ओलांडली आणि पुन्हा फट्‌! आता स्टेपनी नव्हती. दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

कुसुम खाली उतरली, पदर खोचला आणि रस्त्यात उभी राहिली. संत्र्यांच्या रिकाम्या पेट्या घेऊन एक ट्रक येत होता. तिने दोन्ही हात वर केले. ट्रक थांबला.

"भाऊ, खाप्याले जाऊन राहिले का?"

"तिकडंच जातो, बाई. बसा."

एक पाय वर ठेवून ती माझ्याकडे वळली. "अवो, माही फाइल द्या."

"कुठली?"

"कागदाची! नेमणुकीचं पत्र, सर्टिफिकिटं! थैलीत तं फक्त डबा हाये. कूलरात ठेवली होती ना मी? तुमी सकाळी घेतली नाई?"

मी टोपी काढून हातात घेतली. "घाबरू नको. मी ती सांभाळून ठेवली आहे."

"कुठी?"

"टायरात."

"को-न-त्या टायरात?"

आता दिवाणाखाली एक, कूलरमध्ये दोन, डिकीत एक. चारही गोल, चारही काळे, चारही गोटा! फाइल आत सरकवताना मी फार विचारपूर्वक सरकवली होती एवढंच आठवत होतं. ट्रकवाल्याने हॉर्न दिला. कुसुमने वर ठेवलेला पाय खाली घेतला आणि मला पहिल्यांदाच कळलं की माझ्या एका मासिकापायी हिची चार वर्षं या रस्त्यावर वाया जाणार. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी डिकी उघडली. टायराच्या पोकळीत हात घातला. पोरांचा मोजा निघाला. आणखी आत घातला. आईची जपमाळ. मग खांद्यापर्यंत हात घालून गोल फिरवला, आणि बोटांना पुठ्ठा लागला!

फाइल टायराच्या आकाराची झाली होती. कुसुमने ती हिसकावली आणि ट्रकमध्ये चढली. ट्रकवाला मात्र उतरून माझ्या फुटलेल्या टायरापाशी उकिडवा बसला. "नवाच आहे हो," मी म्हणालो.

"साहेब, हा नवा कोनं सांगतला? हा तं गोटाच हाये. वरून तापल्या सळीनं खाचा पाडल्या." त्याने एकदा टायराकडे पाहिलं, एकदा माझ्या डोक्याकडे. "गोट्याले भांग पाडून देला तुमाले कोनीतरी!"

ट्रक गेला. मी तिथेच बसलो. बारा वाजले, एक वाजला. ती पोचली की नाही, हे सांगणारं कोणी नव्हतं. टायर जोडून घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली.

कुसुम माझ्या आधी एसटीने येऊन पोळ्या लाटत होती. मी दारातच उभा राहिलो. विचारायची हिंमत होईना.

"बाराले पाच कमी होते," ती पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली. "झाली मी रुजू."

मी दिवाणावर बसलो. डोळे भरून आले, ते मी टोपीने पुसले.

"मोठ्या बाईनं पत्र टेबलावर ठेवलं तं गोल गुंडाळलं जाये. चारदा सरळ केलं. मंग म्हने, 'हे असं काहून होऊन राहिलं?' मी म्हनलं, आमच्या मालकानं सांभाळून ठेवलं होतं!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बब्बूभाईंच्या दुकानात जाऊन आरडाओरडा केला. ते शांतपणे चहा पीत होते. "साब, आपने हिवाळी मांगे. हिवाळी मतलब आए, बैठे, गए. चलने का किसने बोला था?"

मी मुकाट्याने चार बारमाही टायर घेतले. घरी आलो तर शाळेतून आलेली कुसुम भंगारवाल्याला दारात उभं करून घरातले तिन्ही जुने टायर बाहेर लोटत होती आणि डिकीतल्या चौथ्याची वाट पाहत होती.

"अवं, एखादा तरी राहू दे," मी केविलवाणा म्हणालो. "कधी कामाला येईल."

तिने माझी टोपी काढली, खुंटीला अडकवली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"एक गोटा हाये ना घरात. अन् थो बारमाही हाये!"