स्थानिक कलाकार
सून कणीक भिजवायला बसली की त्या ओल्या वासाने मला पेडण्याच्या आमच्या देवळातला पखवाज आठवतो, कारण पखवाजी त्याच्या डाव्या तोंडाला तशीच कणीक थापायचा. गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी, या आंदोलनाचे दिवस होते आणि कोण मराठीवाला, कोण कोंकणीवाला, हे लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघून ताडत. देवळातल्या आमच्या मराठीवाल्या भजनी मंडळाच्या बातम्या लिहून मी पणजीच्या एका मराठी दैनिकाला पाठवायचो. सप्ताहाच्या आधी आमचा पखवाजी मला म्हापशाला कोंकणीवाल्यांच्या ट्रकमधून उतरताना दिसला. मी त्याला काही विचारलं नाही. बातमीत गायक, पेटीवाला, टाळकरी नावानिशी घातले आणि त्याच्यापुरतं लिहिलं, ‘पखवाजाची साथ स्थानिक कलाकाराने केली.’ ते छापून आलं तेव्हा चहाच्या दुकानात पखवाजी हसत मला विचारू लागला, हा कलाकार कुठला म्हणून, “भाई, हो स्थानिक कलाकार खंयचो रे? आमकां तरी दाखय!” कोणी हसलं नाही. “संपादकान नाव कापलां रे,” मी म्हणालो. लोकांच्या संशयी नजरा बघून त्याने स्वतःहून सांगितलं, पखवाज नवं कातडं घालायला म्हापशाला नेला होता, बस बंद होत्या, म्हणून मिळाला त्या ट्रकात चढलो. सप्ताहात त्या नव्या कातड्याचा भरदार आवाज मी ऐकला होता. पण खरं काय म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, तेव्हा मी चहा फुंकत बसलो. पुढच्या एकादशीला मंडळाने दुसऱ्या गावचा पखवाजी आणला, आणि आमचा पखवाजी पुन्हा कधी देवळात वाजवायला बसला नाही. आता तो हयात नाही. संपादकाने काहीही कापलं नव्हतं; मी पाठवलेल्या बातमीत त्याचं नावच नव्हतं.