आत्या आणि बिनआरशाचा कॅमेरा

अख्ख्या बंगळूरात माझ्या बायकोच्या आत्यांइतकं सावकाश फोटो काढणारं माणूस दुसरं नसेल, आणि त्या सावकाशीचा एवढा अभिमान बाळगणारं तर नाहीच नाही. त्या मूळच्या निपाणीच्या. लग्न होऊन के. आर. पुरमला आल्या आणि इथल्याच झाल्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक वापरलेला डीएसएलआर कॅमेरा घेतला आणि त्याला त्याहून कितीतरी जुनी, फिल्मच्या काळातली लेन्स लावली. त्या लेन्सला ऑटोफोकस नाही. हाताने कडं फिरवायचं, डोळा लावून बघत राहायचं आणि चित्र स्वच्छ दिसलं की बटण दाबायचं. हे सगळं सामान भाजीच्या पिशवीत, वर कोथिंबिरीची जुडी ठेवून हिंडत असे, कारण आत्यांच्या मते चोर कोथिंबीर नेत नाहीत. एकदा रिक्षातून उतरल्यावर रिक्षावाल्याच्या चेहऱ्यावर पडलेलं ऊन त्यांना आवडलं. "स्वल्प थांबा अण्णा," म्हणून त्या कडं फिरवायला लागल्या. मागे गाड्या तुंबल्या, हॉर्नचा गदारोळ झाला, शेवटी ट्रॅफिक पोलीस आला, तर आत्यांनी त्यालाही रिक्षावाल्याच्या शेजारी उभं केलं. तो बिचारा टोपी नीट करून उभा राहिला.

मी पुण्याहून नोकरीसाठी इथे आलेला, महादेवपुऱ्यात ऑफिस आणि हातात मिररलेस कॅमेरा, म्हणजे त्यांच्या लेखी 'टीव्हीवाला'. त्यांच्या कॅमेऱ्यात आरसा असतो आणि लेन्समधून आलेला उजेड तो थेट डोळ्यापर्यंत पोचवतो. माझ्या कॅमेऱ्यात आरसाच नाही, डोळ्यासमोर असतो तो एक इवलासा पडदा. माझा कॅमेरा समोरच्या माणसाचे डोळे आपणहून शोधतो आणि माणूस हलला तरी फोकस सोडत नाही, हे मी मोठ्या उत्साहाने करून दाखवलं. आत्यांनी शांतपणे पाहून घेतलं आणि विचारलं, "मग तुम्ही काय करता, जावईबापू?"

गेल्या हिवाळ्यात त्यांची थोरली बहीण निपाणीहून राहायला आली. सगळे तिला अक्का म्हणतात. आत्यांनी तिला खिडकीशी बसवून सकाळभर फोटो काढले. मग आम्ही ते कॉम्प्युटरवर मोठे करून पाहिले. एकात कानातली कुडी लख्ख आली होती, एकात पदराचा काठ, एकात मागचा पडदा. डोळे मात्र सगळ्यांतच धूसर. आत्या एकेक फोटो पुढे सरकवत होत्या. अखेर त्या म्हणाल्या, "कान छान आलाय की." आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या.

आत्यांचे डोळे तपासून डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू नाही, डोळ्याच्या आतला पडदाच थकत चाललाय. आहे ती नजर जपायची. आत्यांनी ते ऐकून घेतलं, आणि घरी आल्यावर कॅमेरा कपाटात ठेवून दिला. भाजीच्या पिशवीत आता नुसती भाजी येऊ लागली.

मला राहवेना. जुन्या लेन्स मिररलेसवर बसवायला एक जोडकडं मिळतं, ते मी आणलं आणि त्यांची लेन्स माझ्या कॅमेऱ्याला लावून त्यांच्या हातात दिली. बटण दाबलं की पडद्यावर चित्राचा हवा तेवढा भाग मोठा होतो, आणि जिथे फोकस बसला तिथल्या कडा लाल चमकतात. आत्यांनी डोळा लावला. कडं मागेपुढे फिरवून पाहिलं.

"हे बघणं नव्हे, जावईबापू. दाखवणं आहे."

"कडं तर तुम्हीच फिरवताय ना, आत्या?"

त्यांनी कॅमेरा मात्र परत दिला नाही. अक्का त्याच दिवशी परत निघाली होती. तिला पुन्हा खिडकीशी बसवलं गेलं. अक्का कुरकुरली, "लवकर आटप ग. गाडी चुकंल." आत्या आपल्या नेहमीच्याच गतीने कडं फिरवत राहिल्या. त्या फोटोत अक्काचे डोळे इतके स्वच्छ आले की बुबुळात खिडकीचे गज दिसतात. आत्यांनी तो मोठा केला, अजून मोठा केला, आणि बहिणीच्या डोळ्यांकडे बघत बसल्या. नंतर हळूच म्हणाल्या, "हिचे डोळे असे घारे आहेत, हे मी विसरून गेले होते."

आता त्यांचा स्वतःचा मिररलेस आहे. त्यावरची जुनी लेन्स तीच, सावकाशीही तीच, आणि 'टीव्हीवाले' या शब्दात हल्ली त्या स्वतःलाही धरतात. परवा संध्याकाळी गेलो तर त्या बाल्कनीत उभ्या होत्या आणि डोळ्याला जुना डीएसएलआर होता, जुनी लेन्स परत त्याच्यावर चढवलेली. त्याची बॅटरी तर माझ्यासमोर टेबलावर पडलेली.

"आत्या, बॅटरी इकडे राहिलीय."

"असू दे," डोळा न हलवता त्या म्हणाल्या. "नुसतं बघायला लागत नाही."

समोरच्या रेल्वेपुलावर दिवे लागत होते. त्यांना ते कितपत दिसत होते कोण जाणे. मी चहा ठेवायला आत गेलो.