बंद काचा

गल्लीत त्याला सगळे 'डॉक्टर' म्हणत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, की झालं निदान. शेजारचा पंक्चरवाला ओरडायचा, "डॉक्टर, माझीही नाडी बघा की!"

"तुझी नुसती हवा गेलीय. ती तूच भर!"

बायकोच्या पिकअपचं निदानही त्याने असंच उभ्याउभ्या केलं होतं. तिची लाँड्री होती आणि घरोघरी कपडे ती स्वतःच पोचवायची. चार महिन्यांपूर्वी ती म्हणाली, "अहो, गाडी टिकटिक करतेय. आणि चालवताना माझं डोकं दुखतं."

त्याने काचा खाली केल्या आणि गल्लीला एक फेरी मारली. गाडी तपासायची ती काचा खाली करूनच, हा त्याचा वीस वर्षांचा नेम. बंद काचेत आवाज काय कपाळ ऐकू येणार!

"व्हॉल्व्हचा आवाज आहे. म्हातारी झाली, कुरकुरणारच."

"कोण? गाडी की मी?"

"दोघीही," म्हणत तो दुसऱ्याच्या ट्रकखाली शिरला.

मग ती विसरायला लागली. रोजचं वळण चुकली. एका घरचे शर्ट दुसऱ्याच घरी देऊन आली. तिची आई शेवटी पोटच्या मुलींना ओळखत नव्हती, त्यामुळे बायकोच्या मनात काय चाललंय ते सांगायची गरजच नव्हती. एका संध्याकाळी तिने त्याच्यापुढे वही ठेवली. प्रत्येक घर, प्रत्येक वळण, कुणाची कॉलर कडक, कुणाची मऊ, सगळं लिहिलेलं.

"सोमवारपासून रूट तुम्ही करा. नाहीतर माणूस ठेवा."

"वेड लागलंय का तुला?" तो म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

"तेच तर विचारतेय मी," ती म्हणाली.

शनिवारी ती त्याला रस्ता दाखवायला घेऊन निघाली. मागच्या दांडीवर इस्त्रीचे शर्ट लटकत होते. बसल्याबसल्या त्याचा हात काचेच्या हँडलवर गेला.

"हां! काच खाली नाही करायची. पांढरे कपडे आहेत, धूळ बसते."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

दहाव्या घरापर्यंत त्याच्या कानशिलात ठणका सुरू झाला. बाराव्या घरी मळमळायला लागलं. धुराचा वास येणं त्याला कधीच बंद झालं होतं, जन्म गेला होता त्याच वासात. पण डोकं नाकासारखं सरावलेलं नव्हतं.

"थांब," तो ओरडला. "गाडी बंद कर. आधी खाली उतर, उतर आधी!"

बॉनेट उघडून तो वाकला. इंजिनाचा सगळा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा बिडाचा मॅनिफोल्ड. त्याच्या पोटाखाली केसाएवढी भेग आणि भेगेभोवती काजळीचा काळा पट्टा. टिकटिक व्हॉल्व्हची नव्हती. चार महिने धूर थेट केबिनमध्ये जात होता.

त्याने गाडी ओढून आणली आणि बायकोला खऱ्या डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, धुराने असा विसरही पडू शकतो. पण सगळं त्यानेच झालंय की नाही, ते काही दिवसांनी कळेल.

रविवारी नवा मॅनिफोल्ड आला. गंजलेल्या नटाला आधी तेल, मग शेक, मग धीर, हे तो सगळ्या शिकाऊंना घोकवून घ्यायचा. सात नट सुटले. आठव्याला मात्र त्याने धीर धरला नाही. कट्! नट ज्यावर बसतो तो स्टड आतच तुटला.

टॉर्च धरून उभी असलेली बायको म्हणाली, "शिकाऊंना सांगता तो धीर कुठे गेला?"

"गंज होता."

"गंजाला शिव्या द्या, पण जरा बसा."

तो पायरीवर बसला, पाणी प्यायला. मग उरलेल्या तुकड्यावर एक नट वेल्ड केला, गार होऊ दिला आणि चिमूट चिमूट फिरवत स्टड बाहेर काढला. धूर अडवणाऱ्या नव्या गॅस्केटसकट नवा मॅनिफोल्ड बसवला. नट मधून कडेला, अर्धा अर्धा वेढा देत आवळले. थंड इंजिन सुरू केलं. स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. काढला. परत लावला. टिकटिक नव्हती.

पुढचा आठवडा तिला गाडीला हात लावायची बंदी होती. त्यानंतरच्या सोमवारी ती निघाली तेव्हा तो न विचारताच शेजारी चढला. मांडीवर वही. काचा बंद.

ज्या चौकात ती रस्ता चुकायची तिथे तिने गाडी थांबवली. मागून हॉर्न वाजले. त्याचं बोट वहीतल्या ओळीवर होतं.

"डावीकडे," ती म्हणाली. "लोखंडी जिन्याचं घर. कॉलर कडक." मग त्याच्याकडे न बघताच, "वहीत काय बघताय? बरोबर आहे ना?"

त्याने वही मिटली.

तीन घरं गेली. त्याचं डोकं दुखत नव्हतं. तिला विचारायचा धीर मात्र होत नव्हता.

"नाही दुखत," ती आपणहून म्हणाली.

तो खाकरला. "अगं, मी..."

"काय? जिभेला गंज चढलाय? तेल मारू का?"

"चुकलं माझं."

"ऐकू नाही आलं."

सवयीने त्याचा हात काचेच्या हँडलकडे गेला.

"हां! कपडे!"

त्याने हात मागे घेतला आणि तेच पुन्हा, मोठ्याने म्हणाला.