डाल्यातली ट्रायल

नवीन गाडी घेण्याआधी लोक ती पुढच्या सीटवर बसून पारखतात. मी मागच्या डाल्यात बसून पारखली, आणि माझ्या सोबतीला एक शेळी होती.

नागभीडला आमचं मंडप-बिछायतीचं काम आहे. लग्न असो, बारसं असो, बुद्ध जयंती असो की कुणाची तेरवी, खुर्च्या, स्वयंपाकाचे मोठे गंज, सतरंज्या आणि बांबू आमचे. हे सगळं आम्ही भाड्याच्या ट्रॅक्टरवर नेत असू, आणि ऐन लग्नाच्या दिवशी ट्रॅक्टरवाला स्वतःच कुणाच्या तरी लग्नाला गेलेला असे! शेवटी माझी बायको वनिता वैतागली. (काम माझ्या नावावर आहे. चालवते ती.) तिने कुठेतरी मोठी पिकअप पाहिली. पुढे दोन रांगांत पाच माणसं बसतील अशी बंद केबिन, आणि मागे सामानाला उघडा डाला. ट्रकपेक्षा लहान, कारपेक्षा दांडगी.

"अवो, हेच पायजे आपल्याले," ती म्हणाली. "माणसं पुढं, सामान मागं. मामाजीले पण सोबत नेता येते."

मामाजी म्हणजे माझे वडील. रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांचं आयुष्य रुळांच्या काठी गेलं, त्यामुळे रूळ नसलेल्या वाहनावर त्यांचा अजिबात भरवसा नाही.

"ना ट्रक, ना कार," बाबा म्हणाले. "उद्या मंडपाचं सामानबी मावणार नाई आन् पाव्हणेबी मावणार नाई. आन् हे चालवीन कोण? हा?"

'हा' म्हणजे मी. माझं मत म्हणाल तर मला भीती वाटत होती. एवढी मोठी गाडी घेतली तर मी ती ठोकणार याची भीती, आणि नाही घेतली तर वनिता मला ठोकणार याची!

मग एके सकाळी चंद्रपूरच्या शोरूममधून बोरकर नावाचे गृहस्थ पांढरीशुभ्र गाडी घेऊन दारात हजर झाले. टाय लावलेला, केस चापून बसवलेले. प्रत्येक वाक्य ते 'टेन्शन नका घेऊ' असं म्हणून संपवत.

"जयभीम बाबा! फिरवून पाहा गाडी. शोरूमची ट्रायलची गाडी आहे. कुठी न्यायची तिथी न्या, टेन्शन नका घेऊ."

"कुठीबी?" वनिताचे डोळे चमकले. "मग माह्या मायकडे जाऊ."

वनिताचं माहेर तळोधीच्या पुढे, जंगल ओलांडून. त्या रस्त्यावर वाघ दिसतो म्हणतात. म्हणतात कशाला, दिसतोच. आमच्या भागात वाघ ही बघायला जाण्याची गोष्ट नाही. तो मोहफुलं वेचायला गेलेल्या बाईला भेटतो, धानाच्या बांधीवर भेटतो, आणि भेटलेला माणूस सांगायला परत येईलच असं नसतं. त्यामुळे मी लगेच म्हणालो, "त्यापेक्षा ब्रह्मपुरीकडं जाऊ. रस्ता चांगला आहे."

"चांगल्या रस्त्यावर गाडीचं काय समजते?" वनिता म्हणाली. बाबासुद्धा माझ्या विरोधात गेले. गाडी खड्ड्यात बंद पडेल आणि आपलं म्हणणं खरं ठरेल, अशी त्यांना आशा होती!

जाताना काही झालं नाही. बोरकरांनी गाडी चालवली, बाबांनी प्रत्येक खड्ड्याला 'पाय, मनलो होतो ना!' म्हणून घेतलं, आणि मी खिडकीतून झाडांमागे पट्टे शोधत राहिलो. (सागाच्या वाळक्या पानांत कुठेही पट्टे दिसतात. मला चिकार दिसले.)

खरा घोळ झाला तो सासूबाईंच्या अंगणात. रिकामा डाला पाहून त्यांना राहवेना. "एवढी मोठी गाडी रिकामी नेता का जी? थांबा!" असं म्हणत त्यांनी तांदळाची चुंगडी आणली, लाखोळीची डाळ आणली, फणस आणला. मग स्वतःचं गाठोडं आणलं, कारण त्याही आमच्याकडे राहायला येणार होत्या. आणि शेवटी गळ्यात दोरी बांधलेली एक काळी शेळी आणली.

"हे कायले?" मी विचारलं.

"गावात वाघ फिरून राह्यला जवाईबुवा. दोन घरच्या शेळ्या नेल्या. हिले तुमच्याकडं ठेवतो. तिथी सुखरूप राहीन."

शेळी डाल्यात चढवली. तिने लगेच बाहेर उडी मारली. परत चढवली, परत उडी! कुणीतरी तिला धरून बसायला हवं होतं. आता हिशेब पाहा. गाडी वनिता चालवणार, कारण तिला ती हाताखालून घालायची होती. शेजारी बोरकर, कारण गाडी त्यांची. मागे बाबा आणि सासूबाई. आणि पाचवी जागा? तिथे फणस ठेवला होता.

"फणस डाल्यात ठेवू, मी आत बसतो," मी सुचवलं.

"फणसाले शेळी धरता येते का?" वनिताने विचारलं.

 मी डाल्यात चढलो.

"टेन्शन नका घेऊ सर," बोरकर म्हणाले, "मागं नवीकोरी ताडपत्री आहे. तिच्यावर बसा."

दिवस कलायला लागला होता. जंगलातला रस्ता लागला तसा वारा गार झाला. डाल्यात एका हाताने शेळी आणि दुसऱ्या हाताने गाडी धरून मी बसलो होतो, आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात एक विचार आला. वाघाला बाहेर काढायचं असलं की काय बांधतात? शेळी! आणि मी आत्ता कशाच्या शेजारी बसलोय?

तो विचार पूर्ण होतोय न होतोय तोच वनिताने कचकन ब्रेक मारला. मी आणि शेळी एकत्रच पुढे घसरलो आणि केबिनच्या काचेवर आपटलो. मी उठणार, इतक्यात माझा फोन वाजला. वनिता होती. माझ्यापासून हातभर अंतरावरून, काचेच्या पलीकडून फोन करत होती!

"काऊन थांबवली?" मी ओरडलो.

"हळू बोला," ती कुजबुजली. "उठू नका. समोर वाघ आहे."

मी होतो तिथेच शेळीच्या आड झालो. 

"क-कुठी?"

"रस्त्यावर. बसून राह्यला. लय मोठा आहे हो."

(किती मोठा हे मी विचारलं नव्हतं!)

पलीकडून बोरकरांचा आवाज आला. "सरांना सांगा, टेन्शन..." पण तो पुढे फुटलाच नाही. बाबा म्हणत होते, "भोंगा वाजव!" आणि सासूबाई म्हणत होत्या, "माही शेळी! जवाईले सांग, शेळीले सांभाळा म्हणा!"

मी ताडपत्री अंगावर ओढली आणि शेळीला खाली दाबून तिच्यासकट आडवा झालो. त्या मूर्ख जनावराने नेमका तोच मुहूर्त साधला. तोंड वर करून ती ओरडली, "मेंऽऽऽ!"

फोन कान आणि खांद्यात दाबून मी दोन्ही हातांनी तिचं तोंड गच्च धरलं. आयुष्यात मी कुणालाही इतक्या जवळून, इतक्या कळवळून विनवलं नसेल. "गप बस माय. तुह्या पाया पडतो. गप बस." माझा जीव गळ्याशी आला होता आणि तिची शिंगं माझ्या बरगडीत.

"अवो," फोनवर वनिताचा आवाज बदलला. "तो उभा झाला."

"गाडी मागं घे!"

तिने मागचा गिअर टाकला. आणि त्या शांत जंगलात, माझ्या पायथ्याशी बसवलेल्या भोंग्यातून एक बाई मोठ्या प्रेमाने बोलायला लागली, "कृपया लक्ष द्या! गाडी मागे येत आहे! कृपया लक्ष द्या!"

वाघाने लक्ष दिलं.

"बंद करा तिले!" मी ताडपत्रीखालून ओरडलो.

"बंद नाई होत म्हणतात बोरकर! सेफ्टी आहे म्हणतात!" वनिता रडकुंडीला आली होती. "अवो, तो येऊन राह्यला. ऐका, हलू नका, तो बाजूनं, तो मागं..."

फोन कटला. रेंज गेली.

तो मागं काय? मागं वळला? मागं पळाला? की मागं येतोय? मराठी भाषेतल्या एका अर्धवट वाक्याने माणूस मरू शकतो, हे मला तेव्हा कळलं. गाडी थांबली. भोंग्यातली बाई गप्प झाली. मग काहीच ऐकू येईना, फक्त शेळीचं काळीज धडधडत होतं, की माझं, ते सांगता येणार नाही. आम्ही इतके चिकटलो होतो.

आणि मग डाल्याच्या पत्र्यापलीकडे, अगदी माझ्या कानाशी, कुणीतरी श्वास घेतला. लांब, जड, सावकाश. लोहाराचा भाता कसा ओढतो, तसा.

त्या क्षणी मला विनोद सुचत नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगतो. बाबांना औषध कोण देईल, वनिता एकटी काम कसं ओढेल, असलं काहीबाही मनात आलं. ताडपत्रीच्या फटीतून मला फक्त केशरी रंग सरकताना दिसला. तो सरकायचा संपेचना! मग तो थांबला. वाघाने आमच्याकडे पाठ केली, शेपूट वर उभी केली...

त्याने काय केलं ते आता स्पष्टच सांगतो. वाघ आपल्या हद्दीतल्या झाडांवर एक खूण करतो. मुताची. धारदार, नेम धरून. नवीकोरी पांढरी गाडी त्याला आपल्या हद्दीत आवडली असावी. त्यातली निम्मी खूण गाडीच्या पत्र्यावर उमटली. उरलेली निम्मी ताडपत्रीच्या फटीतून आत आली, जिथे माझं तोंड होतं.

मी ओरडलो नाही. ओरडायला तोंड उघडावं लागलं असतं.

इतक्यात समोरून एसटी आली. तिचे पत्रे असे खडखडत होते की वाघालाही ते सहन झालं नसावं. तो आला तसाच सावकाश बांबूच्या दाट रांजीत, बेटात, शिरला. वनिताने गाडी जी सोडली ती पुढच्या गावच्या हातपंपापाशीच थांबवली. वाटेत मी ताडपत्रीखालून बाहेर आलो नाही. तिथेच राहायची सवय झाली होती.

दारं उघडल्याचे आवाज आले. पहिल्यांदा धावल्या सासूबाई.

"अगे माय! शेळी हालून नाई राह्यली!"

मग त्या थांबल्या, नाक वर केलं आणि म्हणाल्या, "चिन्नोरचा भात शिजवला का कुठी?"

(वाघाच्या त्या खुणेला वासाच्या तांदळासारखा वास येतो, असं जंगलातले जाणते लोक सांगतात. येतो. मी अगदी जवळून घेतला आहे.)

ताडपत्री वनिताने ओढली. मी आणि शेळी एकमेकांच्या गळ्यात पडलेले. वनिताने मला हात लावून पाहिलं, खांद्याला, डोक्याला, आणि मग तिथेच रस्त्यावर बसून ती रडायला लागली. 

"फोन कटला ना जी," ती म्हणाली, "तं मले वाटलं..."

 मी तिच्या शेजारी बसलो. तिने वासामुळे थोडं अंतर ठेवलं, पण माझा हात सोडला नाही.

मी हातपंपाखाली बसलो, बाबा दांडा मारायला लागले. बोरकर ओल्या फडक्याने गाडी घासत होते. "सर, शोरूमला सांगू नका," एवढंच ते म्हणाले. सकाळचं ते वाक्य कुठेतरी जंगलातच राहिलं होतं.

"मग?" मी तोंड घासत विचारलं. "आता गाडीचं नाव काढायचं नाई ना?"

बाबा दांडा मारायचे थांबले. "काऊन? घ्यायची! वाघ एवढा जवळ आला, आत बसलेल्या एकालेबी धक्का लागला का? मजबूत हाये. रेल्वेच्या डब्यावानी हाये."

"आणि मी?"

"तू आत होता का?"

यावर मी काही बोलणार, तोच वनिता डोळे पुसत उठली. "घेऊच आपण," ती म्हणाली. "आपली मंडपाची माणसं ट्रॅक्टरमधी बांबूवर बसून ह्याच रस्त्यानं येतात. आज तुमी बसले तं माहा जीव गेला. त्यायच्याबी घरी कोणी वाट पाहतच असीन. आता सगळे आत बसतीन. दोन चकरा झाल्या तरी चालते. डाल्यात माणूस बसवायचा नाई."

मी भिजलेल्या अंगाने मान हलवली. गाडीबद्दल माझं मत याही वेळी कुणी विचारलं नव्हतं, पण या वेळी वनिताचं मत तेच माझंही होतं.

गाडी आली. आता मंडपाची माणसं केबिनमध्ये बसून, गाणी लावून, काचा बंद करून जंगलातून जातात. बाबा पुढच्या सीटवर बसून सगळ्यांना गाडीचे गुण सांगतात. सासूबाई आमच्याकडेच रमल्यात, शेळीही रमली आहे. ती आता आडदांड झाली आहे. गल्लीतल्या कुत्र्यांवर शिंगं रोखून धावते, बैलाला वाट देत नाही, परवा तर म्हशीला भिडली. सासूबाई अभिमानाने सांगतात, "वाघ पाहून आली ना जी, आता कोणालेच भेत नाई!"

हे अगदी खरं आहे. फक्त मी अंगणात पाऊल ठेवलं की ती किंचाळत घरात पळते, आणि मी पुन्हा बाहेर जाईपर्यंत खाटेखालून निघत नाही!