राखाडी ब्लेझर

रंगाच्या कारखान्यात साहेबांपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळे तिला शेडबाई म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कुणाच्या तरी तोंडी यायचं, आणि तेव्हा तिलाच क्षणभर वाटायचं, ही कोण नवीन आली? काम दिसायला सोपं होतं. मिक्सिंगमध्ये रंगाचा लॉट तयार झाला की तो फासलेली पत्र्याची पट्टी तिच्या टेबलावर यायची. ती पट्टी मूळ पट्टीला चिकटवून धरायची, मान जराशी तिरकी करायची आणि "पास" म्हणायची, नाहीतर "थोडा पिवळा वाढवा" म्हणायची. तिने पास म्हटलं की डबे भरायला सुरुवात व्हायची. तिच्या शब्दावर साहेबही शब्द काढत नसत.

तिच्या खोलीच्या भिंती राखाडी, टेबल राखाडी, अंगातला कोटही राखाडीच. ही काही हौस नव्हती. लाल कपडा घालून पट्टीजवळ बसलं की त्याची लाली पट्टीवर उतरते आणि डोळा फसतो, म्हणून या कामात रंगीत काही घालायचं नसतं. नखांना रंग नाही, ओठांना नाही. अशी वीसेक वर्षं काढल्यावर घरातले कपडेसुद्धा हळूहळू त्याच कुळातले झाले. नवरा म्हणायचा, "तुझे कपडे दोरीवर वाळत घातले की मला वाटतं आभाळ भरून आलंय."

हिवाळा संपता संपता तिच्या डोळ्यांत काहीतरी बिघडलं. आधी तिला वाटलं, खिडकीची काच मळली आहे. तिने काच पुसून घेतली. मग वाटलं, दिवे जुने झालेत. दिवे बदलून घेतले. मग एका सुट्टीच्या दिवशी, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा ठिकाणी ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टर म्हणाले, "मोतीबिंदू आहे. तुम्ही सगळं जग पिवळ्या काचेतून बघताय. निळा आणि जांभळा आधी हातचे जातात. ऑपरेशन करून घ्या, घाबरण्यासारखं काही नाही."

घाबरण्यासारखं काही नाही म्हणे! डॉक्टरांना काय जातंय म्हणायला. रंग मोजायचं यंत्र नेमकं तेव्हाच बंद पडलं होतं आणि त्याचा सुटा भाग काही केल्या येत नव्हता. सगळी भिस्त तिच्या डोळ्यांवर. यंत्र सुरू झालं की रजा टाकू, असं तिने ठरवलं. दरवर्षीची डोळ्यांची परीक्षासुद्धा तिने निभावून नेली. रंगीत चकत्या क्रमाने लावायच्या असतात. चकत्यांचा तो डबा तिच्याच कपाटात असायचा आणि कुठल्या चकतीची कड कुठे खरवडली आहे हे तिला तोंडपाठ होतं. सगळ्या बरोबर लागल्या. साहेबांनी शाबासकी दिली. तिने तो डबा कपाटात पार मागे ढकलला.

आणि मग ती दारं परत आली. दारं बनवणाऱ्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने एका इस्पितळासाठी फिका निळा रंग घेतला होता, दोन लॉटमध्ये. दारं बसवल्यावर दिसलं की एकाच व्हरांड्यात निम्मी दारं निळी आहेत आणि निम्मी भलतीच जांभळट. बोंबाबोंब झाली. साहेबांनी सरळ हिशेब मांडला: पट्टीवर शेडबाईंचा पास आहे, म्हणजे पट्टी बरोबर होती, म्हणजे ड्रममध्ये नंतर काहीतरी चुकलं, म्हणजे चूक मिक्सिंगच्या आबांची. आबा निवृत्तीला टेकलेले. त्यांनी एकदाच म्हटलं, "मी वजन बरोबर केलं होतं, साहेब," आणि गप्प झाले. शेडबाईही गप्प राहिली. आता ऑपरेशन केलं तर पहिला प्रश्न येणार, कधीपासून दिसत नव्हतं? आणि त्या प्रश्नाचं उत्तर दिलं की तो जांभळट लॉट तिच्या पदरात पडणार, वर नोकरी जाणार. तिने डॉक्टरांच्या चिठ्ठीचे बारीक तुकडे केले आणि तोंड शिवून बसली.

अशात फळ्यावर सूचना लागली. शुक्रवारी संध्याकाळी गिऱ्हाइकासोबत जेवण, ठराविक मंडळींनी यावं, पोशाख स्मार्ट कॅज्युअल. या साहेबांनी आजवर कुणाला स्वतःहून चहा पाजल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. त्यामुळे जेवण म्हटल्यावर आनंद होण्याऐवजी सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले.

"आणि हे स्मार्ट कॅज्युअल म्हणजे काय रे भाऊ?" तिने हिशेबनीसाला विचारलं.

हिशेबनीस सूचना टाईप करणारा, म्हणून जाणकार. तो म्हणाला, "लग्नाला जाताना घालतो तेवढं नाही आणि बाजारात जाताना घालतो त्याच्यापेक्षा बरं. असं मधलं काहीतरी."

"माझ्याकडे मधलं काही नाही."

"मग घ्या ना एखादा ब्लेझर. खाली काळी पॅन्ट, आत पांढरा शर्ट. झालं काम." मग त्याने आवाज उतरवला. "यादीत आबापण आहेत. मिक्सिंगवाल्याला साहेब कधी हॉटेलात नेतील? मला काही लक्षण बरं दिसत नाही, बाई."

तिलाही दिसत नव्हतं. रात्री डोळा लागेना. आबांना बोलावलंय म्हणजे सगळ्यांसमोर काहीतरी निघणार. काय निघणार? कुणावर निघणार? आणि या सगळ्या घोरात डोक्यात तो ब्लेझर. माणूस असा विचित्र असतो. जीव टांगणीला लागलेला असतानाही काय घालू हा प्रश्न काही त्याला सोडत नाही.

घरात पैशांची ओढाताण होतीच. मुलीचं शिक्षण चालू होतं, नवऱ्याची कामं कमी झाली होती. डोळ्यांसाठी म्हणून तिने थोडंफार बाजूला टाकलं होतं, त्यातलेच पैसे घेऊन ती कंपन्यांचा शिल्लक माल विकणाऱ्या दुकानात गेली. तिथे ढिगातून कपडे उपसावे लागत. एखाद्याचं बटण तुटलेलं, एखाद्याची बाही आखूड, म्हणून स्वस्त. निळ्या ब्लेझरला तिने हातही लावला नाही. निळा नको, जांभळा नको, हिरवाही नको. तो रंग खरंच तोच आहे की नाही, कुणास ठाऊक. राखाडी घ्यावा. राखाडीत काही चुकायला वावच नसतो.

ढिगाच्या तळाशी एक सापडला. कापड बरं होतं, खांदे बसत होते, अस्तराची शिवण तेवढी उसवली होती. ती तो घेऊन दुकानाच्या दारात आली, कारण दुकानातल्या दिव्याखाली रंग बघणारी ती नव्हे. उजेडात धरला, मान तिरकी केली. फिका राखाडी. स्वच्छ, सोज्वळ, तिच्या खोलीच्या भिंतीसारखा.

"तुम्हाला खुलतोय हां रंग," दुकानातली पोरगी म्हणाली.

दुकानातल्या पोरी गोणपाटालाही खुलतोय म्हणतात. शेडबाईने भाव पाडून घेतला आणि घरी येऊन अस्तर शिवून टाकलं.

शुक्रवारी निघताना तिने नवऱ्याला विचारलं, "अहो, कसं दिसतंय?"

त्याने वर्तमानपत्रावरून डोळे उचलले. "बरंय की. साहेबीण दिसतेस." आणि परत वर्तमानपत्रात शिरला. जिन्यात जाऊबाई भेटल्या. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई, काहीतरी वेगळं घेतलंस एकदाचं." जाऊबाईंनी कौतुक केलं म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं तिला कळायला हवं होतं. पण तिचं चित्त ठिकाणावर कुठे होतं?

हॉटेलात लांब टेबल मांडलं होतं. पांढरी चादर, तिला ती पिवळसरच दिसली. साहेब एका टोकाला, त्यांच्याशेजारी ते दारंवाले आणि त्यांच्या पत्नी. आबा आधीच येऊन बसले होते. जावयाचा कोट घालून आले होते. बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर संपत होत्या आणि आबा हात टेबलाखाली लपवत होते. तिला नेमकी त्यांच्याच शेजारची खुर्ची मिळाली.

"बसा बाई," आबा म्हणाले. "तुम्ही आलात, बरं वाटलं. ओळखीचं माणूस शेजारी असलं की घास उतरतो."

तिने मान डोलावली. त्यांच्याकडे बघवेना. सूप आलं, भाकरीच्या तुकड्याएवढे पाव आले. साहेब फारच गोड बोलत होते, आणि साहेब जितके गोड बोलत तितका टेबलावरचा एकेक माणूस आक्रसत होता. आबांना ते दोनदा "आमचे आबा" म्हणाले. हिशेबनीसाने समोरून तिच्याकडे बघून भुवई उंचावली.

दारंवाल्यांच्या पत्नी तिच्याकडे बघत होत्या. त्या मोकळ्या स्वभावाच्या होत्या, बोलायला विषय हवा म्हणून म्हणाल्या, "तुमच्या ब्लेझरचा रंग काय सुरेख आहे हो! रंगातल्या माणसांची निवडच वेगळी."

"अहो, रंग कसला?" शेडबाई हसून म्हणाली. "साधा राखाडी तर आहे."

पत्नीबाईंनी गोंधळून नवऱ्याकडे पाहिलं. मग साहेब खदाखदा हसले. "बघा! आमच्या शेडबाईंचा विनोद! जन्मभर राखाडी घातला, आता चांगला जांभळा घालून आल्या तरी म्हणतात राखाडी!" सगळे हसले. पत्नीबाईही हसल्या. हिशेबनीसाने टेबलावर थाप मारली. तीही हसली. हसावंच लागलं. ती हसत राहिली, आणि मनात म्हणाली, सुटले.

आबा तेवढे हसले नव्हते. त्यांनी चमचा खाली ठेवला होता आणि ते तिच्या बाहीकडे बघत होते. बराच वेळ बघत होते. मग त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. आयुष्यभर ड्रमवर वाकून रंग ढवळलेला माणूस. त्याला समजावून सांगायला काही लागलं नाही.

बाकीचे पुन्हा बोलण्यात गुंतल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "कधीपासून, बाई?"

खोटं बोलायला तिच्याकडे पुष्कळ वेळ होता. तिने पाण्याचा पेला उचलला आणि परत ठेवला. "हिवाळा संपता संपता."

आबांनी मनातल्या मनात काहीतरी जुळवलं. ते लॉट उन्हाळ्यातले होते. तिला वाटलं, आता हे उठतील, ओरडतील, सगळ्यांदेखत आपली लाज काढतील. काढावीच. पण आबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांचे खांदे सैल पडले आणि डोळ्यांत पाणी आलं.

"म्हणजे माझं वजन बरोबर होतं," ते पुटपुटले. "मला वाटलं, माझं डोकंच काम देईनासं झालं. तेव्हापासून एकेक वजन मी परतपरत करतोय, बाई. घरी गॅस बंद केला की नाही, तेसुद्धा बायकोला उठवून विचारतोय. लेकाने डॉक्टरची वेळ घेऊन ठेवलीय, विसरण्याच्या रोगाची."

याहून त्यांनी तिच्या थोबाडीत मारली असती तर तिला बरं वाटलं असतं. नोकरी जाणार, बोलणी खावी लागणार, हे सगळं तिने आबांच्या वाट्याला घालून पाहिलं होतं. घरी जाऊन ते काय करत असतील, हे मात्र एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं. तिला स्वतःची किळस आली.

तेवढ्यात पेल्यावर चमचा वाजला. साहेब उभे राहिले. म्हणाले, दारांच्या प्रकरणाचा आज गोड शेवट करतोय. गिऱ्हाइकाने मोठ्या मनाने समजून घेतलंय. आबांनी खूप केलं, आता वयपरत्वे व्हायचंच असं एखाद्या वेळी. सोमवारपासून मिक्सिंगला नवा माणूस येतोय, आबांनी आता घरी आराम करायचा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आबांनीही वाजवल्या, त्या आखूड बाह्यांतून हात बाहेर काढून. तिच्याकडे मात्र त्यांनी बघितलंही नाही. बोलायचं की नाही, हे त्यांनी तिच्यावर सोडून दिलं होतं.

"शेडबाई," साहेब म्हणाले, "आबांबरोबर सगळ्यात जास्त काम तुम्ही केलंय. दोन शब्द बोला."

ती उठली. तिने खुर्चीची पाठ धरली. टेबलाभोवतीचे सगळे चेहरे तिच्याकडे वळले होते, चांगलं काहीतरी ऐकायच्या तयारीत.

"साहेब," ती म्हणाली, "हा ब्लेझर मी राखाडी समजूनच घेतलाय."

पुन्हा हशा पिकला. साहेब तर डोळे पुसू लागले. ती उभीच होती, आणि हसत नव्हती. आबांनी तोंडावर हात धरून मान खाली घातली. ते पाहून आधी हिशेबनीस गप्प झाला, मग त्या पत्नीबाई, मग एकेक करून सगळे. सगळ्यात शेवटी साहेबांचं हसू थांबलं.