आत्याच्या नावावरची फांदी

फोन आला तेव्हा शहापूरच्या घरात मी गॅसवर चहा ठेवत होते. "आय गेली गो," एवढंच आतेभाऊ बोलला. लायटर हातात तसाच राहिला... महिना होऊन गेला, तरी तो उचलला की मागे कुणी उभं असल्यासारखं वाटतं.

बायजाआत्या सिद्धगडाच्या पायथ्याशी राहायची. माझी आई लवकर गेली, म्हणून मी तिच्याकडेच वाढले. लाकूड ओळखावं तर तिनंच! ऐनाचा निखारा टिकतो, पांगाऱ्यावर भाकरी कच्ची राहते, हे ती शिकवायची आणि साल चाचपून, वास घेऊन झाडाचं नाव सांगायची. गावात लग्न ठरलं की बायका मिळून रानात लग्नाची लाकडं आणायला जात, तेव्हा पहिली हाक आत्याला. भीती एका बिब्ब्याची. पानं झडली की बिब्बा आणि साधी मोई ही झाडं पटकन वेगळी ओळखू येत नाहीत, आणि बिब्ब्याचा धूर लागला की तोंड सुजतं, फोड येतात. "कोयत्यानं साल चीर आन् थांब," ती बजावायची. "रस काळा पडला का टाकून दे. घाई करू नको गो."

मी चौदा वर्षांची, अंगात नुसती मस्ती. शेजारच्या काशीवहिनीच्या नणंदेचं लग्न होतं. माझी मोळी सगळ्यांत आधी भरली पाहिजे म्हणून एका फांदीची साल मी चिरलीच नाही. हळदीच्या दिवशी चुलीपाशी बसलेल्या तिघींची तोंडं अशी सुजली की डोळे दिसेनात. त्यात आत्याही होती. कुणीतरी अर्धवट जळलेली, टोकाला काळा रस सुटलेली फांदी बाहेर ओढली. दोन बेचक्यांची ती फांदी मी लगेच ओळखली. आत्यानं सुजल्या डोळ्यांच्या फटीतून एकदाच माझ्याकडे पाहिलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माझीच नजर चुकली."

मी गप्प बसले. त्यानंतर लग्नाच्या लाकडांसाठी तिला कधी हाक आली नाही. बायका कोयते घेऊन दारावरून जायच्या, ही उंबऱ्यात उभी राहून बघायची, आणि मी आत पुस्तकात डोकं खुपसून बसायचे. पुढे मी शिक्षिका झाले, पोरांना झाडांची नावं शिकवली. लाज वाटते मला! आत्यानं मात्र तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

आत्याच्या चितेची लाकडं अंगणात आली तेव्हा काशीवहिनी डोळे पुसत म्हणाली, "बगून घ्या रे, बायजाची काळी फांदी नको याया." दोघीतिघी रडता रडता हसल्या. तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही.

बाराव्याला मी पडवीत गेले. आत्यानं रचून ठेवलेल्या राशीतलं एकेक लाकूड उचलून पाहिलं. एकावरही काळा डाग नव्हता... असणार कसा? बाहेर येऊन सगळ्या बायकांसमोर म्हटलं, "वहिनी, ती फांदी माझ्या मोळीतली होती. आत्याची नजर चुकली नव्हती."

काशीवहिनीनं हातातला तांब्या खाली ठेवला.

"आन् आता सांगतेस, गो?"

शहापूरला परत आले. रोज सकाळी लायटर उचलते आणि हात आपोआप अडतो. "थांब," मागून आवाज येतो. साल चिरून घटकाभर थांबणं मला तेव्हा जमलं नाही, आणि खरं सांगायला मात्र ती जाईपर्यंत थांबले. थांबते, आत्या. मागे वळून बघायची हिंमत अजून होत नाही.